हॉलची किल्ली कुणाकडे?

(वार्षिक कार्यकर्ती मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला तो 'कला आणि वस्तीपातळीवरचं काम' असा. मी त्यांना विचारलं, स्पेनमधल्या एका वस्तीबद्दल बोलले तर चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, पण शेवटी आपल्या कामाशी आणून जोड. तेवढं मी करीन.

आधीच सांगते, मी नाचणारी नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्याला मागच्या ओळीत उभी केलेली मुलगी मी. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून वस्तीत काम करते आहे : बचत गट, समुपदेशन केंद्र, पोलीस स्टेशनच्या फेऱ्या. २०१८ साली देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून मला नऊ महिने दक्षिण स्पेनमध्ये, सेव्हिल शहरात राहून तिथल्या एका स्त्री-केंद्रात काम करता आलं. केंद्राचं आणि वस्तीचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या बायकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत आणि एवढ्या लांब येऊनसुद्धा तो विश्वास पाळायला हवा.

मी गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात केंद्राला एका प्रकल्पाचे पैसे मिळाले. फ्लामेन्को नाचणारी एक नामवंत कलाकार सहा आठवडे वस्तीत येणार, बायकांना गाणं-नाच शिकवणार आणि शेवटी चौकात कार्यक्रम होणार. याला तिकडे 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर कलाकाराचा मुक्काम. तमाशाचा फड गावात मुक्काम करतो, तसा. फरक एवढाच, की इथे गावानेही शिकायचं असतं.

पहिल्या दिवशी बावीस बायका आल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्ही चौघी : कलाकार, तिचा गिटारवाला धरून दोघं, मी आणि केंद्रातली एक सहकारी. चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मी टेबलाशी बसून अहवालाच्या वहीत लिहिलं, 'सहभागी स्त्रियांमध्ये सातत्याचा अभाव. प्रेरणा कमी पडते.'

हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटलं ना? आपण सगळ्यांनीच ते कधी ना कधी लिहिलं आहे. आज मी या वाक्याबद्दलच बोलणार आहे. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर त्या रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ लागणार नाही.

हे गाणं कुणाचं?

फ्लामेन्को म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल ठिपक्यांचा झालरींचा झगा, केसांत फूल आणि हातात पंखा येतो. ही पर्यटन खात्याची बाई झाली. फ्लामेन्कोचा मूळ गाभा गाणं आहे. त्याला जोड गिटारची, नाचाची आणि टाळ्यांची. टाळ्यांना ते 'पाल्मास' म्हणतात आणि ते वाद्यच आहे. गाणाऱ्याला मध्येच शाबासकी देणं, हाक घालणं यालाही नाव आहे, 'हालेओ'. म्हणजे ऐकणारी बाई नुसती बसून राहत नाही, तिलाही काम असतं.

आंदालुसिया हा स्पेनचा दक्षिण भाग. मोठ्या जमीनदारांचा, भूमिहीन शेतमजुरांचा आणि खाणमजुरांचा. तिथल्या गरीब माणसांत आणि विशेषतः हितानो कुटुंबांत हे गाणं वाढलं. हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा लोक, ज्यांना इंग्रजीत जिप्सी म्हणून हिणवतात. त्यांचे पूर्वज आपल्या भागातून, भारताच्या वायव्येकडून गेले, हे त्यांच्या भाषेवरून अभ्यासकांनी सिद्ध केलं आहे. स्पेनमधल्या हितानोंनी मूळ भाषा बरीचशी गमावली, पण काही शब्द राहिले. पाण्याला त्यांचा जुना शब्द 'पान्यी'. पोराला स्पॅनिशमध्ये 'चावाल' म्हणतात, तो शब्द हितानोंकडून आला. आपला 'छावा' त्याच कुळातला. हे मला तिथल्या एका बाईने विचारून विचारून माझ्याकडून काढून घेतलं आणि मग सगळ्या मजल्यांवर सांगत सुटली.

पण रक्ताच्या नात्यापेक्षा मला दुसरं नातं जवळचं वाटलं. १४९९ सालच्या राजाज्ञेने हितानोंना भटकणं सोडा, धनी धरा, नाहीतर देश सोडा, असं फर्मावलं. १७४९ च्या जुलैअखेरीस तर एका ठरलेल्या वेळी देशभरातल्या हितानोंना पकडण्याचा हुकूम सुटला आणि हजारो माणसं पकडली गेली. बाप्यांना आरमाराच्या गोद्यांत सक्तीच्या मजुरीला पाठवलं. बायका आणि लहान मुलं वेगळी काढून कोंडवाड्यांसारख्या आश्रमांत ठेवली. वंश वाढू नये म्हणून नवरा-बायको वेगळे. काही जणांची सुटका व्हायला सोळा वर्षं लागली. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि तो १९५२ साली गेला. इथे बसलेल्या भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या मैत्रिणींना मी आणखी काय सांगू?

सेव्हिलमध्ये नदीपलीकडे त्रियाना म्हणून भाग आहे. लोहार, कुंभार आणि हितानो गायकांची वस्ती म्हणून तो प्रसिद्ध होता. १९५० ते ७० च्या दशकांत तिथल्या हितानो कुटुंबांना उठवून शहराच्या कडेला सरकारी इमारतींत नेऊन टाकलं. जागेला भाव आला होता. आज त्रियानात फ्लामेन्कोची तिकिटं विकली जातात आणि ज्यांच्या आज्या तिथे गायच्या त्या बायका शहराच्या टोकाला, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत राहतात. २०१० साली युनेस्कोने फ्लामेन्कोला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातलं. त्या इमारतींच्या लिफ्ट मी गेले तेव्हाही बंदच होत्या.

बाईने गावं, पण घरात

आता स्त्रियांचं. फ्लामेन्को हा स्त्रियांनी घडवलेला प्रकार आहे, पण त्यांच्या वाटेला काय आलं ते बघा.

पास्तोरा पावोन, जन्म १८९०, सेव्हिलच्याच. लोक त्यांना 'फण्यांची पोर' म्हणून ओळखत, कारण फण्यांवरचं एक गाणं त्या गायच्या. लहानपणापासून घर चालवायला गाणारी मुलगी, अक्षरओळख नाही. १९९९ साली आंदालुसियाच्या सरकारने त्यांचा ध्वनिमुद्रित आवाजच संरक्षित वारसा म्हणून जाहीर केला. पण अशी एक पास्तोरा होते, तेव्हा घरात कोंडून राहिलेल्या किती असतात? हेरेस गावच्या तिया आनिका ला पिरिन्याका या फार मोठ्या गायिका. नवऱ्याने त्यांना चारचौघांत गाऊ दिलं नाही. नवरा गेल्यावर त्या लोकांसमोर गायला लागल्या. उत्रेरा गावच्या फेर्नांदा आणि बेर्नार्दा या बहिणींनी व्यवसाय म्हणून गाणं म्हणावं हे वडिलांना पसंत नव्हतं. गिटारचं तर विचारूच नका. एकोणिसाव्या शतकात गिटार वाजवत गाणाऱ्या बायका होत्या, पुढे ते वाद्य पुरुषांचंच ठरलं. नाचातही वाटणी : बाईने कमरेच्या वर, हातांनी, मनगटांनी नाचायचं आणि पायांचा जोर पुरुषांनी दाखवायचा. ती वाटणी मोडण्यात कार्मेन आमायांचा वाटा मोठा. बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या झोपडपट्टीत वाढलेली ही हितानो मुलगी, पँट घालून असा पदन्यास करायची की पुरुषांनी बघत राहावं. १९६३ साली त्या गेल्या.

आणि गाण्यांचे शब्द? त्यांत प्रेम आहे, भूक आहे, तुरुंग आहे, आईचा मृत्यू आहे. आणि संशयावरून बाईला मारण्याची बढाईही आहे. ती गाणी सुरेल आहेत म्हणून माफ करायची का, हा वाद तिथल्या स्त्रियांतही चालू असतो. १९९६ साली गायिका कार्मेन लिनारेस यांनी केवळ स्त्रियांनी घडवलेली किंवा गाजवलेली गाणी एकत्र करून त्यांचा मोठा संग्रह काढला. आपली परंपरा नाकारायची नाही, तिच्यातला स्त्रियांचा वाटा वेगळा काढून मोजायचा, हा मार्ग मला महत्त्वाचा वाटतो.

मुक्काम नवा नाही

बाहेरच्याने गावात येऊन मुक्काम करायचा आणि गाणी-नाच शिकवायचे, ही कल्पना स्पेनमध्ये नवी नाही. तिचे दोन जुने अवतार आहेत आणि ते दोन्ही आपण लक्षात ठेवायला हवेत.

पहिला १९३१ चा. राजा गेला, प्रजासत्ताक आलं. सरकारने 'शैक्षणिक मोहिमा' काढल्या. शहरातली तरुण मुलं-मुली पुस्तकांच्या पेट्या, चित्रांच्या नकला, नाटक, सिनेमाचं यंत्र घेऊन दुर्गम गावांत जात. पाच हजारांहून अधिक छोटी वाचनालयं त्यांनी वाटली. त्याच काळात स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. हेतू चांगला होता. तरीही दिशा एकच, शहराकडून गावाकडे.

दुसरा अवतार यादवी युद्धानंतरचा. १९३९ साली फ्रँको सत्तेवर आला. त्याच्या पक्षाच्या महिला शाखेने फिरती पथकं काढली. ती गावात काही आठवडे राहत, बायकांना शिवण, स्वयंपाक, बाळाचं संगोपन, धर्म आणि लोकनृत्यं शिकवत. याच शाखेने गावोगावची गाणी-नाच गोळा केले, 'शुद्ध' केले, गणवेश घातले आणि परदेशात दाखवले. आणि बाई काय शिकत होती? आज्ञा पाळायला. अविवाहित मुलीला पदवी, सरकारी नोकरी किंवा पासपोर्ट हवा तर या शाखेची समाजसेवा केल्याचा दाखला लागे. लग्न झालेल्या बाईला नोकरी करायला नवऱ्याची परवानगी लागे. ती अट १९७५ साली गेली. महिला शाखा १९७७ साली बरखास्त झाली.

हे मी का सांगते आहे? कारण नाच शिकवला की बाई मुक्त होते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. नाच शिकवून बाईला गप्पही बसवता येतं. प्रश्न नाचाचा नसतो. कोण शिकवतं, काय म्हणून शिकवतं आणि पैसे-निर्णय कुणाच्या हातात आहेत, हा प्रश्न असतो.

रिकाम्या खुर्च्या

आता परत त्या हॉलमध्ये चला.

केंद्राच्या प्रमुख बाई साठीच्या होत्या, चाळीस वर्षं समाजकार्य केलेल्या. त्यांनी माझी वही वाचली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'तू वर जाऊन विचारलंस का?' वर म्हणजे इमारतींच्या मजल्यांवर. मी विचारलं नव्हतं. मैत्रिणींनो, इथे आपल्या वस्तीत एखादी बाई गटाच्या बैठकीला आली नाही तर मी तिच्या दारात जाऊन उभी राहते. तिथे मला हे का सुचलं नाही? कारण तिथे 'कला' होती. कला म्हटल्यावर मला वाटलं, आवडली तर येतील, नाही तर नाही.

दुसऱ्या दिवशी सहकारीला घेऊन मजले चढले. तीन गोष्टी कळल्या.

पहिली, वेळ. आम्ही वर्ग सकाळी अकराचा ठेवला होता, कारण कलाकाराला ती सोय होती. वस्तीतल्या निम्म्या बायका आठवडी बाजारांत कपड्यांचे ठेले लावतात. सकाळ म्हणजे त्यांची भाकरी.

दुसरी, मृत्यू. दोन इमारतींमध्ये पसरलेल्या एका मोठ्या कुटुंबात नुकताच एक म्हातारा वारला होता. हितानो घरात दुखवटा असला की गाणं नाही, नाच नाही, रेडिओसुद्धा बंद. पहिल्या दिवशी आलेल्या बावीसपैकी आठ त्या घरच्या, शिष्टाचार म्हणून दाखवायला आलेल्या. खालच्या चौकात आम्ही स्पीकर लावला होता. तो त्यांच्या खिडकीखाली होता. आम्हाला कुणी बोललं नाही. आपण कार्यकर्त्या असूनही आपल्याला लोक तोंडावर बोलत नाहीत, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट एका आजीने सांगितली. तिला सगळ्या 'तिया' म्हणत. शब्दशः मावशी किंवा आत्या, पण वडीलधारीला मानाने म्हणायचा शब्द. ती पहिल्या दिवशी नातीला सोडायला आली होती आणि दारातच उभी राहिली होती. मी तिला आत या, बसा म्हटलं होतं, पण खुर्ची दाखवली ती भिंतीकडेची. ती म्हणाली, 'ती मुलगी चांगली नाचते. पण ती आम्हाला बुलेरिया शिकवायला आली आहे. तुझ्याकडे कुणी तुला पोळी लाटायला शिकवायला पगारी माणूस पाठवला, तर तू जाशील?' पोळी हा शब्द माझा. तिने तिथल्या रोजच्या रश्श्याचं नाव घेतलं होतं. पण मला घाव बसला तो पोळीचाच.

बुलेरिया म्हणजे काय, ते सांगते. हा बारा मात्रांचा जलद ताल. आपला एकतालही बारा मात्रांचा, पण इथे जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो. पहिल्यांदा ऐकलं की पाय अडखळतो. लग्नात, बारशात बायका अर्धवर्तुळ करून टाळ्या धरतात आणि एकेक जण मध्ये येऊन काही क्षण नाचते, गाते आणि बाहेर पडते. त्या छोट्याशा नाचाला 'पाताईता' म्हणतात. सत्तरीची बाई येते, लठ्ठ बाई येते, बाळ कडेवर घेतलेली येते. कुणी कुणासारखं नाचत नाही. सारखं नाचलं तर हसतात. आणि आमची कलाकार तिथे बावीस जणींना एका ओळीत उभं करून, मोजून, एकसारखे हात वर करायला शिकवत होती, कारण शेवटी कार्यक्रमात ते छान दिसतं.

कलाकाराबद्दल माझ्या मनात राग नाही. तिला आम्ही हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'मला ज्यांनी बोलावलं त्यांनी सांगितलं, इथल्या बायकांना काही येत नाही.' ज्यांनी बोलावलं ते आम्हीच होतो. आमच्या प्रकल्पाच्या अर्जात 'सांस्कृतिकदृष्ट्या वंचित' असा शब्द होता. ज्या वस्तीने जगाला गाणं दिलं तिला आम्ही कागदावर वंचित केलं होतं, कारण त्याशिवाय पैसे मिळत नाहीत.

फेरबदल

आम्ही वर्ग एक आठवडा बंद ठेवला. स्पीकर काढला. दुखवट्याच्या घरी जाऊन भेटून आलो. वेळ संध्याकाळची केली, पण वस्तीतल्या प्रार्थनासभेची वेळ टाळून, कारण बरीच हितानो कुटुंबं आता इव्हॅन्जेलिकल पंथात आहेत आणि सभा चुकवत नाहीत. त्यातल्या काही बायका सभेबाहेर गात नाहीत. त्यांनी फक्त टाळ्या धरायचं कबूल केलं आणि आम्ही आग्रह केला नाही.

खुर्च्या गोल मांडल्या. तिया मध्ये बसली. कलाकार शिकायला बसली, खरंच बसली, वही घेऊन. तियाने जुने तोडे, जुनी कडवी काढली. कलाकाराने आपल्या परीने दिलं : गुडघे आणि पाठ न दुखवता पाय कसा मारायचा, ठेल्यावर उभं राहून आखडलेले खांदे कसे सोडवायचे, गिटारवाल्याला खूण कशी करायची.

ही खूण समजून घ्या. फ्लामेन्कोत नाचणारी पायाने, अंगाने इशारा देते, त्याला 'यामादा' म्हणजे हाक म्हणतात. तिने हाक दिली की गाणारा सुरू करतो. तिने थांबवलं की गिटार थांबते. नाचणारी बाई वाद्यवाल्यांच्या मागे जात नाही, ते तिच्या मागे येतात.

एक बाई होती, पस्तिशीची. केंद्रात तीनदा येऊन गेलेली. समुपदेशकापुढे तिचा आवाज निघत नसे, हातावरचे वळ ती बाहीने झाकायची. चौथ्या आठवड्यात ती वर्तुळात आली, दोन पावलं टाकली आणि हाक दिली. गिटार थांबली. ती दचकली. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. असं चार-पाचदा. सगळ्या हसत होत्या, तीही. त्या दिवशी तिने नाच असा केलाच नाही, नुसतं थांबवत राहिली.

पुढे महिनाभराने ती स्वतःहून केंद्रात आली आणि कायद्याबद्दल विचारलं. स्पेनमध्ये २००४ साली स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध व्यापक कायदा झाला. त्याच्यामागे आंदालुसियातल्याच आना ओरान्तेस यांची कहाणी आहे. १९९७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी टीव्हीवर चाळीस वर्षांच्या मारहाणीबद्दल सांगितलं आणि दोन आठवड्यांच्या आत घटस्फोटित नवऱ्याने त्यांना जाळून मारलं. तो कायदा त्या बाईला आम्ही समजावून सांगितला. तिने तक्रार केली नाही, निदान मी असेपर्यंत नाही. नाचामुळे तिचं आयुष्य बदललं असं मी म्हणणार नाही. असं म्हणणारे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. ती विचारायला आली, एवढंच खरं.

पैशाचा प्रश्न

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग.

आम्ही ठरवलं, तियाला मानधन द्यायचं, कलाकाराइतकंच. कलाकारालाही पटलं. पण पैसे देणाऱ्यांचा नियम असा, की शिकवणाऱ्याने रीतसर बिल द्यायला हवं. बिल द्यायचं तर व्यावसायिक म्हणून नोंदणी हवी, दरमहा विम्याचा हप्ता हवा. शिवाय तियाला जी तुटपुंजी सरकारी मदत मिळत होती, ती उत्पन्न दाखवल्यावर कापली जाण्याची भीती. आम्ही दोन महिने खटपट केली. अर्ज, पत्रं, भेटी. जमलं नाही. 'स्थानिक ज्ञान' असा शब्द त्यांच्या पुस्तिकेत चार ठिकाणी होता, पण त्याचे पैसे द्यायचा रकाना नव्हता.

मी तियाकडे गेले आणि माफी मागितली. ती म्हणाली, 'पैसे नाहीत तर किल्ली दे.' मला कळेना. ती म्हणाली, 'हॉलची किल्ली. आठवड्यातला एक दिवस. कुणी येऊन उघडायला नको, कुणी सह्या घ्यायला नको, कुणी फोटो काढायला नको.'

मैत्रिणींनो, तो हॉल वस्तीसाठीच बांधलेला होता. आणि वस्तीतल्या एकाही बाईकडे त्याची किल्ली नव्हती.

केंद्रात यावर वाद झाला. हॉलमध्ये सामान आहे, जबाबदारी कुणाची, विमा कुणाचा, बाप्ये येऊन बसले तर काय? सगळे प्रश्न खरे होते. प्रमुख बाईंनी शेवटी आपल्या सहीने किल्ली दिली. गुरुवारची संध्याकाळ बायकांची झाली. त्या दिवशी आम्ही कर्मचारी जायचं नाही, असं ठरलं. म्हणून गुरुवारी तिथे काय व्हायचं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. फक्त खालून जाताना टाळ्या ऐकू यायच्या.

चौकातला कार्यक्रम झाला. एकसारख्या ओळी नव्हत्या, अर्धवर्तुळ होतं. पाहुण्यांपैकी एक जण मला म्हणाले, तालीम थोडी कमी पडली.

पुढचंही सांगते, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. मी परतल्यावर वर्षभराने सहकारीने कळवलं, की हॉल दुसऱ्या प्रकल्पाला दिला, कुलूप बदललं. बायका आता तळमजल्यावरच्या एकीच्या घरी जमतात. जागा लहान, पण गुरुवार मोडला नाही.

सगळे मुक्काम असेच होतात असं नाही. याच सेव्हिलमध्ये २००९ साली एल वासिये या झोपडवस्तीतल्या हितानो स्त्रियांनी दिग्दर्शिका पेपा गांबोआ यांच्याबरोबर लोर्काचं 'बेर्नार्दा आल्बाचं घर' हे नाटक उभं केलं. गोविंद निहलानींचा 'रुक्मावती की हवेली' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, तो याच नाटकावरून. त्या स्त्रियांपैकी अनेकींना वाचता येत नव्हतं, संवाद ऐकून पाठ केले. नाटक देशभर फिरलं. घरात कोंडलेल्या मुलींची ती गोष्ट त्यांना कुणी समजावून द्यावी लागली नसेल.

आपल्याकडे

आता संयोजकांना दिलेला शब्द.

आपल्याकडे शहरांत लावणीच्या कार्यशाळा भरतात. त्यात मध्यमवर्गीय मुली, बायका मोकळ्या होऊन नाचतात, हे मला आवडतं. त्यांच्याही अंगावर बंधनं आहेतच. पण ही लावणी ज्या कोल्हाटी बायकांनी संगीतबारीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ज्यांच्या मुलांना शाळेत बापाचं नाव विचारून छळलं, त्या या कार्यशाळेत कुठे असतात? शिकवणाऱ्या म्हणून असतात का? किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहून ठेवलं आहे. ते वाचल्यावर ठेका धरताना हात जरा थांबायला हवा.

आणि आपण संघटनांनीही आत बघू या. आपली पथनाट्यं, आपली गाणी वस्तीत गेली, १९८३ पासून 'मुलगी झाली हो' गावोगाव पोचलं, त्याने चळवळ उभी राहिली. त्याचबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी दाखवून दिलं, की गावातली बाई आधीच बोलत होती. लाखाहून अधिक ओव्या! त्यांनी शिकवलं नाही, बसून ऐकलं आणि प्रत्येक ओवीपुढे बाईचं आणि गावाचं नाव लिहिलं.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या वस्तीत कुणी कलाकार आणायचं ठरलं, तर चार गोष्टी विचारा. एक, या वस्तीत हे कुणाला आधीच येतं, हे आपण दारोदार जाऊन विचारलं का? दोन, वेळ कुणाच्या सोयीची आहे आणि कुणाच्या घरी दुखवटा, बाळंतपण, परीक्षा आहे? तीन, पैशाच्या तक्त्यात वस्तीतल्या जाणकार बाईचा रकाना आहे का? नसेल तर अर्ज भरण्याआधी भांडा, नंतर भांडून उपयोग होत नाही हे मी अनुभवाने सांगते. आणि चार, कलाकार गेल्यावर किल्ली कुणाकडे राहणार?

मी परत आल्यावर आमच्या समाजमंदिराची किल्ली कुणाकडे असते ते पाहिलं. ती माझ्याच पर्समध्ये होती. आठ वर्षं. त्यावर आमच्या गटात तीन बैठका झाल्या. आता एक किल्ली गटातल्या एका भाजी विकणाऱ्या ताईकडे असते. पहिल्याच महिन्यात मी एकदा ठरलेल्या वेळी गेले, तर दार बंद. आत टाळ्या आणि फुगडीचा दणदणाट. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, 'मॅडम, आज आमचा दिवस आहे, उद्या या.'

मी पायरीवर थोडा वेळ बसले आणि घरी गेले.